युसुफभाईंची सही

युसुफ होडेकरांच्या खिशाला कायम दोन पेनं असतात, दोन्ही निळी आणि दोन्ही चालणारी. पेन्सिल ते ठेवत नाहीत. पेन्सिलीने लिहिणारा माणूस लिहितानाच मागे फिरायची सोय करून ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं त्यांनी अल कुसैसच्या गोदामात, शारजा-अजमानच्या मैदानांवर आणि घरी जुलेखाभाभींच्या वाणसामानाच्या यादीपाशी इतक्या वेळा ऐकवलंय, की आता त्यावर कोणी तोंड उघडत नाही.

जयगडहून ते दुबईत आले त्याला एकतीस वर्षं झाली. पंचविशीत आलेला माणूस आता छप्पन्नचा आहे. एसीच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर, अल मनखूलमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको जुलेखा, नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी इनाया. इथवर ही गल्फमधल्या कुठल्याही कोकणी माणसाची गोष्ट आहे. युसुफभाईंची स्वतःची गोष्ट सुट्टीच्या दिवशी सुरू होते, कारण त्या दिवशी ते स्कोअरर असतात.

इथे ऑफिसांच्या, बँकांच्या, गावागावांच्या क्रिकेट टीम आहेत आणि त्यांच्या लीग आहेत. अंपायरला शिव्या मिळतात, खेळाडूला टाळ्या मिळतात. स्कोअररला पाण्याची बाटली मिळते, तीही कोणाला आठवण झाली तर. युसुफभाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. छत्रीखाली टेबल, टेबलावर वही आणि शेजारी विजयकुमार एवढं असलं की त्यांचा दिवस सोन्याचा जायचा.

विजयकुमार शाळिग्राम पुण्याचा, युसुफभाईंपेक्षा दोन वर्षांनी लहान. एका कंत्राटदार कंपनीत प्लॅनिंगला होता, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायचा. बावीस वर्षं दोघं एका टेबलाला बसले. क्रिकेटमध्ये स्कोअरर दोन असतात, दोन वह्या असतात, आणि प्रत्येक ओव्हर संपली की दोघांनी आकडे पडताळायचे असतात. एक जण बेरीज सांगतो आणि विचारतो, "जुळलं?" दुसरा आपल्या वहीत बघून म्हणतो, "जुळलं." मग पुढची ओव्हर. विजयकुमार पेन्सिलीने लिहायचा. त्यावरून युसुफभाई त्याची बावीस वर्षं टर उडवत आले होते आणि तो बावीस वर्षं हसत आला होता.

यांची अजून एक पद्धत होती, ती कुठल्या नियमात नव्हती. सामने संपायला मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजाची, वेळ व्हायची. तेव्हा विजयकुमार घड्याळ बघायचा आणि म्हणायचा, "युसुफभाई, तू जा नमाजला, मी फेअर लिहून टाकतो." युसुफभाई कोऱ्या रिपोर्टखाली सही ठोकायचे आणि चालू पडायचे. परत येईपर्यंत विजयकुमारने वळणदार अक्षरात सगळं उतरवून लिफाफा बंद केलेला असायचा. एकदा जुळलंय म्हटल्यावर पुन्हा काय बघायचं? कोऱ्या कागदावर सही करू नये, हे गोदामातल्या पोरांना रोज बजावणारा माणूस स्वतः बावीस वर्षं हेच करत होता आणि त्यात आपण काही चुकतोय असं त्याच्या मनाला शिवलंही नव्हतं. विजयकुमारच्या बाबतीत ते त्यांना कागदावरची सही वाटतच नव्हती.

तीन हिवाळ्यांपूर्वी अमेरिकेतून काही मंडळी आली. त्यांना इथे व्यावसायिक बेसबॉल सुरू करायचा होता. डेझर्ट डायमंड लीग असं नाव, चार टीम, व्हेनेझुएला-जपान-अमेरिकेतून आणलेले खेळाडू, आणि वाळूत उगवलेलं हिरवंगार मैदान. सगळं पैशाने आणता आलं, पण वही लिहिणारी माणसं काही मिळेनात. मग कोणीतरी सांगितलं की शारजा-अजमानला क्रिकेटचे स्कोअरर आहेत, भर उन्हात आठ तास चेंडू न चेंडू लिहितात. झालं. युसुफभाई आणि विजयकुमार आठ शनिवार एका हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये बसून बेसबॉल शिकले.

शिकवायला एक म्हातारे अमेरिकन स्कोअरर होते. ते नियमांच्या आधी इतिहास सांगायचे. १८६९ साली सिनसिनाटीला पहिल्यांदा खुल्लमखुल्ला पगारी खेळाडूंची टीम उभी राहिली, तिथून सांगायला सुरुवात. आणि सामन्याचा गोषवारा चौकटीत मांडायची रीत ज्याने रुळवली, तीन वेळा हुकून बाद होणाऱ्यापुढे के हे अक्षर ज्याने घातलं, तो बातमीदार इंग्लंडात जन्मलेला, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. हे ऐकून युसुफभाई खुर्चीत ताठ बसले. घरी आल्यावर जुलेखाभाभींना म्हणाले, "म्हंजे हा खेळ लिहायला शिकवला तो आपल्याच जातीच्या माणसाने. स्कोअररने."

"आणि ही टोपी?" भाभींनी विचारलं.

"चाळीस दिरहम."

"साडेनऊशे रुपयांची टोपी. त्या बातमीदाराने घातली होती काय?"

पण युसुफभाईंना या खेळाचं खरं वेड लागलं ते एका नियमामुळे. क्रिकेटमध्ये अंपायर हात वर करतो आणि स्कोअरर लिहितो, स्वतःचं डोकं चालवायची त्याला मुभा नाही. बेसबॉलमध्ये फलंदाज चेंडू मारून पहिल्या बेसवर पोहोचला, तर ती त्याची कमाई की क्षेत्ररक्षकाची चूक, म्हणजे हिट की एरर, हे अंपायर सांगत नाही. ते स्कोअरर ठरवतो, एकटा. साधारण प्रयत्नात फलंदाज बाद झाला असता का, एवढाच प्रश्न. आयुष्यभर मालकांनी मागितलेला माल काढून देणारा आणि अंपायरने दाखवलेलं लिहिणारा हा माणूस. आता कोणीतरी त्याला विचारत होतं, होडेकर, तुम्हाला काय वाटतं? परीक्षेत ते पहिले आले. लीगने त्यांना मुख्य स्कोअरर केलं. विजयकुमार त्यांचा सहायक, कॉम्प्युटरवर नोंद करायला. बेसबॉलला दुसरी वही लागत नाही, पण युसुफभाईंनी विजयकुमारला ती ठेवायला लावली. "जुळलं?" विचारायला शेजारी कोणी नसेल तर त्यांना लिहिताच येत नव्हतं.

म्हाताऱ्या गुरुजींनी शेवटच्या शनिवारी १९१७ सालची एक हकीकत सांगितली. सेंट लुईसच्या एका पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या टीमला एकही हिट मिळू दिली नाही. पिचरच्या आयुष्यात याहून मोठं फारसं काही नसतं. पण खरं तर पहिल्या इनिंगमध्ये एक हिट लिहिली गेली होती. सामना संपल्यावर ती बदलून एरर केली, आणि आजही ती तशीच नोंदवलेली आहे. युसुफभाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत त्यांनी ही हकीकत विजयकुमारला पुन्हा ऐकवली, जणू तो वर्गात नव्हताच.

गेल्या उन्हाळ्यात विजयकुमारची नोकरी गेली. कंपनीने एका दमात साठ माणसं कमी केली. नोकरी गेली की इथे व्हिसाचं घड्याळ सुरू होतं, मुदतीत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा. लीगचं काम हंगामापुरतं, त्यावर व्हिसा नाही. युसुफभाईंनी गोदामाच्या मालकाकडे दोनदा शब्द टाकला, ओळखीतल्या चार जणांना फोन केले. विजयकुमार म्हणायचा, "होईल रे, इन्शाल्ला." हा शब्द तो पुणेरी थाटात उच्चारायचा आणि युसुफभाई दर वेळी हसायचे.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी पावणेचारला लीगमधल्या शमाल आणि डायव्हर्स या टीमचा सामना होता. शमालकडून मातेओ नावाचा व्हेनेझुएलाचा पिचर. तिसऱ्या इनिंगमध्ये डायव्हर्सचा तहा नावाचा पोरगा खेळायला आला. पोरगा म्हणजे चोवीस वर्षांचा गडी, चार टीममध्ये मिळून इथेच लहानाचा मोठा झालेला तो एकटाच खेळाडू, बाकी सगळे विमानाने आणलेले. त्याची बॅट चेंडूला कशीबशी लागली. चेंडू तिसऱ्या बेसच्या रेघेने सरपटत गेला. क्षेत्ररक्षक धावत आला, त्याने उघड्या हाताने चेंडू उचलला आणि तोल जाता जाता फेकला. फेक थोडी बाहेर गेली. पण ती सरळ आली असती तरी तहाचा पाय तोवर बेसवर पडला होता.

"हिट," युसुफभाई म्हणाले आणि त्यांनी निळ्या शाईत लिहिलं. "जुळलं?"

"जुळलं," विजयकुमार म्हणाला.

तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. पण सहावी इनिंग झाली, सातवी झाली, मातेओ एकेकाला बाद करून परत पाठवत होता आणि फळ्यावर हिटच्या खाली तो एकच एक दिसत होता. आठव्या इनिंगला वरच्या मजल्यावरून लीगच्या डायरेक्टरचा फोन आला. तिसऱ्या इनिंगची ती हिट पुन्हा एकदा बघता का? युसुफभाईंनी व्हिडिओ तीनदा पाहिला. एकदा मागून, एकदा पुढून, एकदा हळू. मग ते विजयकुमारकडे वळले. "मला हिटच दिसते. तुला?"

"हिटच आहे, युसुफभाई."

"जुळलं?"

"जुळलं."

त्यांनी फोनवर सांगितलं, "सर, इट इज अ हिट." वरून थँक यू आलं. सामना सव्वासहाला संपला. मातेओने टाकला तो वन-हिटर, म्हणजे एका हिटने हुकलेला नो-हिटर. विजयकुमारने घड्याळ बघितलं. "युसुफभाई, मगरिबची वेळ निघून जाईल. तू जा, मी लिहून टाकतो." तीन फॉर्मची गड्डी असायची: सामन्याचा रिपोर्ट, पिचरांचा तक्ता आणि निर्णय बदलायचा फॉर्म. तो तिसरा कधी लागत नसे, पण गड्डीत असायचा. युसुफभाईंनी नेहमीसारख्या तीन कोऱ्या सह्या केल्या आणि ते नमाजच्या खोलीकडे निघाले. नमाजानंतर दुआ मागताना त्यांनी विजयकुमारच्या व्हिसासाठीही मागितलं. हे त्यांनी नंतर फक्त जुलेखाभाभींना सांगितलं.

रविवारी सकाळी अजमानला क्रिकेटचा सामना होता. दोघं नेहमीसारखे शेजारी बसले. वीस-वीस ओव्हरचा सामना, दोन्ही डाव पुरे झाले. विजयकुमारने थर्मासमधला चहा ओतला, त्याच्या बायकोने, अनुपमावहिनींनी, दिलेली अळूवडी पुढे केली आणि युसुफभाईंना अल मनखूलला सोडून तो गेला.

सोमवारी गोदामात डिलिव्हरीचा ट्रक लागला असताना इनायाचा फोन आला. "अब्बा, यू आर ऑन द न्यूज. फर्स्ट नो-हिटर इन द लीग. युवर नेम इज देअर."

"वन-हिटर, बेटा. त्यांनी चुकीचं छापलं."

"नो अब्बा, लिसन. 'ऑफिशियल स्कोअरर युसुफ होडेकर रिव्ह्यूड द प्ले अँड चेंज्ड इट टू ॲन एरर.' इट सेज यू चेंज्ड इट."

युसुफभाई एका कॉम्प्रेसरच्या खोक्यावर बसले. निर्णय बदलायचा असेल तर तो सामना संपल्यापासून चोवीस तासांच्या आत, स्कोअररने सही करून, असा नियम होता. म्हणजे रविवारी संध्याकाळी सव्वासहापर्यंत. त्यांनी विजयकुमारला फोन लावला. चौथ्यांदा लावल्यावर त्याने उचलला आणि हॅलोच्या आधी म्हणाला, "मी सांगणारच होतो तुला."

त्या संध्याकाळी युसुफभाई मेट्रोने डिस्कव्हरी गार्डन्सला गेले. बावीस वर्षांत त्या घरी ते मेट्रोने कधी गेले नव्हते, विजयकुमार न्यायला यायचा. दार अनुपमावहिनींनी उघडलं. "अभिनंदन, युसुफभाई. हिस्टॉरिक म्हणताहेत सगळे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना काही ठाऊक नाही. विजयकुमार त्यांना गॅलरीत घेऊन गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"फॉर्म दाखव," युसुफभाई म्हणाले.

"सिस्टिममध्ये अपलोड केलाय."

"मोबाइलवर दाखव."

विजयकुमारने दाखवला. कारणाच्या चौकटीत त्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, की पुनर्विचाराअंती हा चेंडू साधारण प्रयत्नात बाद करता आला असता. वेळ रविवार, संध्याकाळी पाच चाळीस. खाली सही.

"अक्षर तुझं आहे."

"हो."

"सही माझी."

"सही तुझीच आहे, युसुफभाई. मी फोर्ज थोडीच केलीय?"

युसुफभाईंनी मोबाइल परत दिला. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिकडे ते बघत राहिले.

"ऐकून तरी घे," विजयकुमार म्हणाला. "शनिवारी मॅच चालू असतानाच डायरेक्टरनी मेसेजवर हिंट दिली होती. आठव्या इनिंगच्या आधीच. नो-हिटर झाला तर हेड ऑफ डेटा, परमनंट पोझिशन, दोन वर्षांचा व्हिसा. माझा ग्रेस पीरियड अठराला खलास होतोय. अठराला, युसुफभाई. अनुपमाला ही तारीख अजून बोललेलो नाही मी. आणि असं पाहिलं तर कोणाचं नुकसान झालं? त्या पिचरला नो-हिटर मिळाला, लीगला माइलस्टोन मिळाला, तुझं नाव झालं. १९१७ ला सेंट लुईसला काय झालं? तूच सांगितलंस ना मला? ते रेकॉर्ड आजही उभं आहे."

"ते कसं वाईट झालं म्हणून सांगितलं होतं."

"आणि अजून एक. चिडू नकोस. डायरेक्टर म्हणत होते, द बॅटर इज फ्रॉम हिज साइड. तहा श्रीवर्धनचा आहे, कोकणी. कोणीतरी उद्या म्हणालं असतं की होडेकरने आपल्या माणसाला हिट दिली. मी उलट तुला वाचवलं."

तहा श्रीवर्धनचा आहे, हे युसुफभाईंना त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. वहीत फक्त त्याचा नंबर होता, सतरा. एवढं कानावर आल्यावर तरी विजयकुमारने सांगायला हवं होतं, की तुम्ही युसुफभाईला ओळखत नाही. बावीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाने निदान एवढं वाक्य बोलायला हवं होतं. ते तो बोलला नव्हता, आणि युसुफभाईंना सहीपेक्षाही ते जास्त लागलं.

"मला विचारलं असतंस तर?"

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणून विचारलं नाहीस."

"हो."

मी नाही म्हणालो असतो का? युसुफभाईंना स्वतःलाही खात्रीने सांगता येईना. अठरा तारीख आहे, युसुफ, मला वाचव, असं हा समोर बसून म्हणाला असता तर काय केलं असतं, कोण जाणे. नाही म्हणायची किंवा हो म्हणून त्याच्यासोबत बुडायची, कसलीच संधी त्याने दिली नव्हती.

"शनिवारी मला नमाजची आठवण तू केलीस," ते म्हणाले.

"दर वेळी करतो."

"शनिवारी का केलीस?"

विजयकुमारने मोबाइल खिशात टाकला आणि गॅलरीचं दार उघडलं.  अनुपमावहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा ते चपला घालत होते. गडबडीत आहे, म्हणाले.

घरी जुलेखाभाभींनी सगळं ऐकून घेतलं. ताटावर बसवून त्या म्हणाल्या, "केसाने गळा कापला त्याने तुमचा. आणि कापायला केस तुम्हीच दिलात."

"रविवारी माझ्या बाजूला बसला होता," युसुफभाई म्हणाले. "चाळीस वेळा जुळलं बोलला. बॅगेत तो फॉर्म घेऊन." मग ते रडले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि भाभींनी त्यांना वडील गेले तेव्हा सोडून कधी रडताना पाहिलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी स्टेडियमच्या दारात लीगची इतिहासाची भिंत उघडली. पहिला सामना, पहिला होमरन, आणि मधोमध काचेत तो चेंडू: आखातातला पहिला नो-हिटर, पिचर मातेओ, अधिकृत स्कोअरर युसुफ होडेकर. सहकुटुंब या म्हणून निमंत्रण होतं. युसुफभाई गेले ते नाव काढून घ्यायला. इनाया सोबत होती. "जस्ट टेल देम, अब्बा," ती टॅक्सीत म्हणाली होती.

दारातच तहा भेटला. उंच, लाजाळू पोरगा. त्याने आधी सलाम केला आणि मग चक्क मराठीत म्हणाला, "चाचा, एक विचारायचं होतं. मी त्या दिवशी अम्मीला फोन केला होता, माझी पहिली हिट म्हणून. तिने अख्ख्या बिल्डिंगमध्ये शिरखुर्मा वाटला. ती हिट होती ना?"

युसुफभाईंनी पिशवीतून वही काढली. शनिवारचं पान उघडलं, तिसरी इनिंग, नंबर सतरा, निळी शाई. "हिट होती," ते म्हणाले. "अजून आहे, बघ." आणि त्यांनी त्याला सांगितलं ते खरंही होतं: इथे वाढलेल्या पोराने या लीगमध्ये मारलेली ती पहिली हिट. म्हणजे भिंतीवर लावायला काहीतरी खरंखुरं होतं, पण ते कोणाला नको होतं. तहाने पानाचा फोटो काढला. बराच वेळ त्याला मोबाइल खिशात ठेवता येईना.

डायरेक्टर गर्दीत उभे होते. युसुफभाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की माझं नाव काढा. डायरेक्टर मोठ्याने हसले आणि शेजारच्यांना म्हणाले, बघा, किती नम्र माणूस आहे. दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मग युसुफभाईंनी सरळ सांगितलं, की निर्णय मी बदललेला नाही. मी कोऱ्या फॉर्मवर सही केली होती.

डायरेक्टरांचं हसू गेलं. ते हळू आवाजात म्हणाले, "मिस्टर होडेकर, असं असेल तर या हंगामातला तुमचा प्रत्येक सामना संशयात येईल. तुम्हाला समजतंय ना?"

"येस सर. आय सायन्ड ऑल ब्लँक. ऑल."

 आपलीच सगळी वर्षं आपण आपल्या तोंडाने मातीत घालतोय, हे त्यांना कळत होतं. डायरेक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बोलणं झालंच नाही असं समजू," ते म्हणाले आणि फोटोसाठी निघून गेले. फोटोत मातेओच्या शेजारी, नवा कोट घातलेला विजयकुमार होता. त्याने एकदा युसुफभाईंकडे पाहिलं आणि मान फिरवली. युसुफभाईंना लीगकडून पुढच्या सामन्याचा फोन आला नाही. नाव मात्र भिंतीवर तसंच राहिलं. गोदामातले लोक अजून तिकडे सेल्फी काढून त्यांना पाठवतात आणि ते प्रत्येकाला थँक यू लिहितात.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी अजमानला क्रिकेटचा सामना होता. युसुफभाई बसने गेले, छत्री स्वतः उघडली, टेबल स्वतः पुसलं. दुसऱ्या खुर्चीवर आयोजक कोणाला बसवणार आहेत, हे त्यांनी विचारलं नव्हतं. टॉस व्हायच्या सुमारास विजयकुमार आला. हातात थर्मास, खिशाला पेन्सिल. तो येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. येऊ नये, असंही वाटलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना स्वतःचाच राग आला.

"अनुपमाने अळूवडी दिलीय," विजयकुमार म्हणाला.

"ठेव तिथे."

पहिली ओव्हर पडली. एक चौकार, दोन एकेरी, एक वाइड, बाकी निर्धाव. विजयकुमारने पेन्सिल टेकवून बेरीज केली आणि बावीस वर्षं सांगत आला तशीच सांगितली, "सात, बिनबाद. जुळलं?"

युसुफभाईंच्या वहीतही सातच होते. त्यांनी पेनला टोपण लावलं आणि हात पुढे केला.

"वही दाखव," ते म्हणाले.

विजयकुमारने पेन्सिल खाली ठेवली. मग त्याने वही त्यांच्याकडे सरकवली. युसुफभाईंनी चष्मा लावला आणि वाइडसकट सातही चेंडू बोट ठेवून एकेक करून तपासले. सगळे बरोबर होते. त्यांनी वही परत दिली, आणि दुसऱ्या ओव्हरनंतर पुन्हा मागितली.